माळावरचे खड्डे : देशी वनस्पतींच्या एका गटाने आधी मान्य केलेली, मग अडवलेली आणि शेवटी वळवलेली वृक्षलागवड

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सह्याद्रीचा पाऊस ओसरत जातो त्या पट्ट्यात, एका मोठ्या गावालगत बसाल्ट खडकाची सपाट माथ्याची टेकडी आहे. गावाचे, संस्थांचे आणि माणसांचे नाव या टिपणात दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. टेकडीचे उतार वन विभागाकडे आहेत आणि माथ्यावरचा सुमारे चाळीस एकरांचा माळ हे गावाचे गायरान आहे. उतारांवर सामाजिक वनीकरणाच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकात, गिरिपुष्पाची लागवड झाली. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड गुरे सहसा खात नाहीत, पाण्यावाचून ते तगते आणि फांदी खोचली तरी फुटते, म्हणून त्या काळात ते सर्रास लावले गेले. गावात त्याला उंदीरमारी म्हणतात. माथ्यावर माती वीतभरही नाही, म्हणून तिथे ते जगले नाही आणि माळ माळच राहिला.

याच टेकडीवर दर दुसऱ्या रविवारी सकाळी फिरणाऱ्या दहाबारा जणांचा हा गट. त्यात शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या एक बाई, तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर, एक रोपवाटिकाचालक, तीन गृहिणी, शेतीत लक्ष घालणारी काही तरुण मुले आणि नोंदी ठेवणारा मी. गटाला ना नोंदणी होती ना बँकेत खाते. फेरीत दिसलेल्या वनस्पतीचे गावातले नाव आधी वहीत लिहायचे, मग सरांच्या मदतीने शास्त्रीय नाव शोधायचे, एवढीच पद्धत होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, त्याची छायाप्रत सरांच्या पिशवीत असे. ती पाने चाळताना आमच्या लक्षात आले की गावातले एक नाव तीन वनस्पतींना असते आणि एका वनस्पतीला दोन वाड्यांत दोन नावे असतात. म्हणून पुढे वहीत नावासमोर ते सांगणाऱ्याची वाडीही लिहिली जाऊ लागली.

पहिल्या पावसाळ्यात गटाने स्वतःच माळाच्या कडेला वड, पिंपळ आणि कडुनिंबाची साठेक रोपे लावली होती, हे इथे सांगितले पाहिजे. झाडे देशी आहेत, मग ती कुठेही लावली तरी चालतील, अशी आमची तेव्हाची समजूत होती. त्यांतली बहुतेक रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली, आणि आम्ही त्याचा दोष पाण्याला दिला.

समस्या

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीकडे आला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण हा त्यासाठी मान्य असलेला विषय आहे. माळावर पाच हजार झाडे, सिमेंटची पाण्याची टाकी, सौरपंप, तारेचे कुंपण आणि तीन वर्षांची निगा असा तो प्रस्ताव होता. कोणती झाडे लावायची हे गटाने सुचवावे, असेही त्यात नमूद होते. गट खूश झाला, हे मान्य करायला संकोच वाटत नाही. आम्ही दोन संध्याकाळी बसून बावीस जातींची यादी केली, तिच्यात एकही विदेशी झाड नव्हते, आणि १ मेच्या ग्रामसभेत प्रस्ताव एकमताने मंजूर झाला तेव्हा यादी वाचून दाखवण्याचा मान बाईंना मिळाला.

लागवडीचे खड्डे पावसापूर्वी घेतले जातात, म्हणजे ऊन खाऊन माती भुसभुशीत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माळाच्या एका कोपऱ्यात दीड-दीड फुटाचे सुमारे दोनशे खड्डे खणून झाले होते. त्या रविवारी गट ते पाहायला गेला. मेंढ्या घेऊन चाललेले वाडीवरचे एक वृद्ध धनगर बाबा खड्ड्याच्या उपशापाशी थांबले, मातीत काठीने काहीतरी उकरले आणि सुपारीएवढा एक चपटा कंद उचलून धोतराला पुसून खाल्ला. दुसरा त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. “बाई, झाडं लावताय ती खुशाल लावा,” ते म्हणाले, “पण खरपुडी निघाली तर फेकू नका. आम्ही पोरं असताना हिच्यावर अख्खा दिवस काढायचो.”

त्या एका उपशात आम्हाला असे सात कंद सापडले. आम्ही तीन वर्षे त्या माळावरून चालत होतो आणि खरपुडी, म्हणजे कंदीलपुष्पाच्या कुळातली ही वेल, आमच्या वहीत फक्त दोनदा आली होती, तीही उतारावरच्या करवंदीच्या जाळीतून. कारण सोपे होते. पावसाळ्यात आमच्या फेऱ्या उताराच्या पायवाटेने होत, कारण माथ्यावर चिखल असे; आणि माथ्यावर आम्ही जात असू ते हिवाळ्यात व उन्हाळ्यात, जेव्हा तिथे पिवळे गवत आणि दगड यांखेरीज काही दिसत नसे.

या माळाचे सारे गणित जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते. खरपुडी, पंद, काळी मुसळी, कळलावी, रानकांदा आणि जमिनीवर वाढणारी हबे आमरी (एक ऑर्किड) या सगळ्या वनस्पती उरलेले सात-आठ महिने कंदाच्या किंवा गाठीच्या रूपात मातीखाली असतात. खरपुडीचे फूल तर मुद्दाम बसून पाहावे असे असते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, त्यांच्यामुळे आत शिरलेली बारीक माशी बाहेर पडू शकत नाही. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि जाताना परागपुंज घेऊन जाते. पण मे महिन्यात यातले काहीही जमिनीवर नसते. जागेची पाहणी मेमध्ये, खड्डे मेमध्ये, आणि माळ ओसाड असल्याचा शेराही मेमध्ये पडतो. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही झुडपी माळरानाची गणना पडीक जमिनीतच केलेली आढळते, त्यामुळे त्या शेऱ्याला कागदाचा आधारही मिळतो.

एका बाजूला ग्रामसभेचा एकमताचा ठराव, टाकी आणि मजुरी यांवर डोळे लावून बसलेले गाव, आणि त्या ठरावात आमचाच पुढाकार. दुसऱ्या बाजूला, ज्या वनस्पती शिकण्यासाठी गट जमला त्याच वनस्पती आमच्या यादीमुळे उपटल्या जाणार होत्या.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

गटाने सरपंचांकडे काम महिनाभर थांबवण्याची विनंती केली. सरपंच चिडले, पण बाईंचे ते एकेकाळचे विद्यार्थी. जुलैच्या विशेष ग्रामसभेत तुमचे म्हणणे पुराव्यानिशी मांडा, एवढी सवलत त्यांनी दिली. त्यानुसार जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर माळावर दोरीने एक-एक मीटरचे बारा चौकोन आखले गेले आणि दर पंधरवड्याला त्यांतल्या वनस्पती मोजणे सुरू झाले. गटाने केलेले हे पहिले शिस्तीचे काम होते. त्याची सवय आधीपासून असती तर पुढचा घोळ टळला असता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौकोनांतून गवताला वेढे घालणारी, अगदी अरुंद, गवतासारख्या पानांची एक खरपुडी दिसू लागली. उतारावर पाहिलेल्या खरपुडीची पाने गोलसर होती. ही वेगळी आहे, एवढे आम्हाला कळले आणि त्या ‘वेगळी’ शब्दाचा दोन दिवसांत ‘दुर्मीळ’ झाला. महाराष्ट्रात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती फक्त एखाद्या डोंगररांगेपुरत्याच उरल्या आहेत, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्यांच्या संवर्धनाचे काम केले आहे, हे आम्ही वाचले होते. त्या वाचनाच्या भरात फुलाची वाट न पाहता पानावरून एका दुर्मीळ जातीचे नाव ठरवले गेले. सर कचरत होते. “फूल येऊ द्या,” असे ते दोनदा म्हणाले. पण ग्रामसभा फुलासाठी थांबणार नव्हती, आणि गटातल्या आम्हा काही जणांना ते थांबणे भित्रेपणाचे वाटले. मी त्यात होतो.

विशेष ग्रामसभेत आम्ही ठासून सांगितले की जगात मोजक्याच ठिकाणी उरलेली वनस्पती आपल्या गायरानात आहे. गावाला त्याचा अभिमान वाटला, टाळ्याही पडल्या आणि त्या वर्षीची लागवड स्थगित झाली. कंपनीने त्या आर्थिक वर्षाचा निधी शेजारच्या गावाला दिला. टाकी तिकडे बांधली गेली.

ऑगस्टच्या अखेरीस वेलीला फुले आली. सरांच्या ओळखीचे एक तज्ज्ञ पुण्याहून आले, त्यांनी भिंगातून पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले की ही सेरोपेजिया बल्बोसा, भारताच्या कितीतरी भागांत आढळणारी, आणि उतारावरची गोल पानांची वेलही तीच. या जातीची पाने गोलापासून थेट रेषेसारख्या अरुंद पानांपर्यंत बदलतात, अरुंद पानांच्या रूपाला वेगळे उपनावही आहे, आणि पानावरून तिचा निवाडा करायला जाणारा माणूस हमखास फसतो.

आता प्रश्न असा होता की हे गावाला सांगायचे का. लागवडीचा हंगाम संपला होता, कोणी विचारत नव्हते, आणि गप्प बसल्यास माळ वाचलेलाच राहणार होता. गटाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. माळ महत्त्वाचा आहे हे खरेच आहे, मग कारण चुकले म्हणून काय बिघडले, असे एका बाजूचे म्हणणे. तर टाकी शेजारच्या गावाला गेली ती आपल्या चुकीच्या बोलण्यामुळे, आणि उद्या दुसऱ्या कोणा तज्ज्ञाकडून गावाला हे कळले तर पुन्हा आपल्याला तोंड उघडता येणार नाही, असे दुसऱ्या बाजूचे. शेवटी बाईंनी ठरवले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यांनी स्वतः उभे राहून चूक सांगितली. सरपंचांनी एकच प्रश्न विचारला, “मग आता लावू का झाडं?” आमच्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

कंपनीने पुढच्या वर्षासाठी पुन्हा विचारणा केली होती आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निर्णय व्हायचा होता. त्यामुळे दसरा ते संक्रांत हा काळ गटाने केवळ याच प्रश्नाला दिला. बारा चौकोनांच्या नोंदी तोवर पूर्ण झाल्या होत्या. त्यांत चाळीसहून अधिक जाती आल्या होत्या, त्यांतली दुर्मीळ म्हणावी अशी एकही नव्हती, आणि मोठे होऊन वृक्ष व्हावे असे एकही रोप नव्हते. दुर्मीळतेचा मुद्दा गेला, पण त्याच्या जागी अधिक भक्कम मुद्दा मिळाला. मातीचा थर इतका पातळ असलेल्या या जागी झाडे मुळात नव्हतीच, आणि कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या सोबतीने राहणारी कंदवर्गीय वनस्पतींची ही बिरादरी सावलीत टिकणारी नव्हती. आमची वड-पिंपळाची साठ रोपे का वाळली, याचाही उलगडा त्यात झाला.

प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारणे हा पहिला पर्याय. गटातल्या निम्म्या लोकांना तो अजूनही पटत होता, हे नोंदवायला हवे. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. जमीन गावाची आहे, गावाला पाणी हवे आहे, खरपुडी इतरत्र आहेच, आणि पाच हजारांतली निम्मी झाडे जगली तरी सावली व चारा मिळेल, असे ते म्हणत. सरकारी मोहिमांचे वातावरणही त्यांच्या बाजूने होते. २०१६ साली २ कोटींपासून सुरू झालेली राज्याची वृक्षलागवड मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली होती, आणि झाड लावण्याला विरोध करणारा माणूस गावात वेडाच ठरतो.

दुसरा पर्याय साफ नकाराचा होता. तो स्वच्छ होता, पण त्यासाठी लागणारी पत आम्ही ऑक्टोबरात गमावून बसलो होतो.

तिसरा पर्याय रोपवाटिकाचालकाने मांडला. खड्ड्यांच्या जागेवरचे कंद काढून रोपवाटिकेत वाढवावेत आणि मग टेकडीच्या दुसऱ्या बाजूला लावावेत, म्हणजे लागवडही होईल आणि वनस्पतीही वाचतील. यावर बराच काळ चर्चा झाली, कारण तो सर्वांना खूश करणारा होता. सरांचे म्हणणे असे पडले की कुंडीत खरपुडी जगवता येईल, पण चौकोनातल्या चाळीस जाती, त्यांचे गवत आणि परागसिंचन करणाऱ्या माश्या यांचे स्थलांतर करता येणार नाही. एखादी जात शेवटच्या घटका मोजत असेल तर तो मार्ग अवश्य घ्यावा, इथे तो पळवाट ठरेल.

माळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करून घ्यावा, अशीही सूचना आली. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये तशी तरतूद आहे आणि पुण्यातील गणेशखिंड उद्यानाला तो दर्जा मिळालेलाही आहे. परंतु ती राज्य शासनाच्या पातळीवरची प्रक्रिया, आणि आमच्या हाती तीन महिने होते. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत माळाची नोंद घ्यावी, एवढे ठरले. ती समिती कागदावर होतीच. तिचे सदस्य कोण, हे सदस्यांनाही ठाऊक नव्हते.

शेवटचा पर्याय लागवड माळावरून उतारावर वळवण्याचा. जुन्या खाणीचा खड्डा, ओढ्याचा काठ आणि गिरिपुष्पाच्या रांगांमधल्या मोकळ्या जागा इथे, त्याच टेकडीवरून गोळा केलेल्या बियांची झाडे लावायची. संख्या पाच हजारांवरून हजारावर आणायची. टाकी मात्र पायथ्याशी घ्यायची, म्हणजे तिचा उपयोग गावाला आधी होईल. यात अडचण होती ती कंपनीची. तिच्या अहवालात झाडांचा आकडा हा एकच रकाना होता.

केलेली कृती

आकड्याची अडचण कोणा तज्ज्ञामुळे सुटली नाही. गृहिणींपैकी एकीने सुचवले की बिया गोळा करण्याची आणि रोपे वाढवण्याची मजुरी गावातल्या बचत गटाला द्यावी आणि कंपनीच्या अहवालात झाडांच्या जोडीला महिलांच्या रोजगाराचा रकाना यावा. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते रुचले. निधी पहिल्या प्रस्तावाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका झाला, सौरपंप आणि माळाचे कुंपण गेले, टाकी राहिली. २६ जानेवारीला ठराव झाला, तोही एकमताने नव्हे, अगदी थोड्या फरकाने. उतार वन विभागाचे असल्याने परवानगीला मार्चअखेर उजाडली.

रोपवाटिकेचा अनुभव वेगळ्या टिपणाचा विषय आहे, पण दोन गोष्टी इथे सांगतो. धावड्याच्या बिया आम्ही पोतेभर गोळा केल्या आणि त्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच रोपे आली. या झाडाच्या बहुतेक बिया आतून पोकळ असतात, हे आधी विचारले असते तर बायांचे आठ दिवस वाचले असते. उलट मोई आणि पांगारा यांच्या मनगटाएवढ्या फांद्या उन्हाळ्यात खोचल्या आणि त्यांतल्या बऱ्याच फुटल्या. करवंदाचे बी फळ खाल्ल्याबरोबर पेरावे लागते, ठेवले तर मरते, हे बाबांच्या सुनेने सांगितले. आमच्या पुस्तकात ते शोधूनही सापडले नव्हते. बहाव्याचे कठीण बी गरम पाण्यात ठेवल्यावर उगवले, मेडशिंगी आणि पळस यांनी त्रास दिला नाही.

त्याच वेळी गटाने स्वतःहून एक पाऊल उचलले आणि ते पुढे महागात पडले. माळ वाचवायचाच तर नीट वाचवावा, म्हणून त्यावर दोन वर्षांची चराईबंदी घालावी, असा आग्रह आम्ही धरला आणि लागवडीच्या ठरावात तो जोडून घेतला. बाबा त्या सभेला नव्हते. वाडीवरचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे त्यांना माळ लागतो तो नेमका पावसाळ्यात. आणि सभा जानेवारीत होती. ज्यांच्यामुळे हे प्रकरण सुरू झाले त्यांनाच विचारायचे राहून गेले. तेव्हा हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परिणाम

बंदीच्या पहिल्या पावसाळ्यात माळ देखणा दिसला. दुसऱ्या पावसाळ्यात कुसळी कमरेएवढी झाली आणि बारा चौकोनांच्या नोंदी खाली येऊ लागल्या. हबे आमरी आठ चौकोनांत असे ती तिनात राहिली, आभाळी आणि तत्सम बुटक्या वनस्पती गवताखाली हरवल्या, खरपुडी मात्र गवतावर चढून तग धरून होती. हा बंदीचाच परिणाम की त्या वर्षीच्या पावसाचा, हे बारा चौकोनांवरून ठामपणे सांगता येत नाही, कारण चराई चालू असलेल्या भागात तुलनेसाठी एकही चौकोन आम्ही आखला नव्हता. कास पठारावरच्या कुंपणाबद्दल आणि थांबलेल्या चराईबद्दल अशीच चर्चा झालेली आहे, ती आम्ही नंतर वाचली.

त्या फेब्रुवारीत वणवा लागला. माळावरचे न खाल्लेले, न कापलेले वाळके गवत पेटले आणि आग उतारावर उतरली. कंदांना आगीची फारशी झळ लागली नाही, पुढच्या जूनमध्ये ते उगवून आले. जळाली ती दीड वर्षांची रोपे. हजारांपैकी चारशेच्या आसपास उरली, त्यांत ओढ्याकाठची जास्त. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, काढायचे काम ठरले होते, पण ते कोणी करायचे हे ठरले नव्हते.

वणव्यानंतर बाई आणि सर वाडीवर गेले. बाबांनी फार काही ऐकवले नाही. मेंढरू गवत खाते तेव्हा आगीचे खाणेही कमी होते, इतकेच म्हणाले. दोन बैठकांनंतर माळाचे तीन तुकडे करण्यात आले. दर पावसाळ्यात एका तुकड्याला विश्रांती, उरलेल्या दोनांवर चराई, पुढच्या वर्षी तुकडा बदलायचा, आणि दसऱ्यानंतर, शेंगा फुटून बी उडून गेल्यावर, विश्रांतीच्या तुकड्यातले गवत गावाने कापून न्यायचे. आता चौकोन अठरा आहेत आणि ते तिन्ही तुकड्यांत सारखे वाटलेले आहेत. या व्यवस्थेला दोन पावसाळे झाले. बुटक्या वनस्पती चराईच्या तुकड्यांत परत दिसू लागल्या आहेत. संख्येवर बोलायला अजून दोन-तीन वर्षे जावी लागतील.

एक नुकसान भरून न येणारे झाले. गटातल्या एका मुलाने खरपुडीच्या फुलाचे सुंदर छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले आणि खाली टेकडीचे नाव लिहिले. आठवड्याभरात त्या जागी कुदळीने उकरलेले तीन खड्डे आढळले. जात सर्वत्र आढळणारी असली तरी त्या कोपऱ्यातली जुनी वेल गेली. तेव्हापासून छायाचित्रात फक्त जिल्ह्याचे नाव येते, आणि फोनमधून ठिकाणाची नोंद काढून टाकल्याशिवाय चित्र पाठवायचे नाही, असा नियम आहे.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वात आधी पाहणीचा हंगाम बदलावा लागेल. माळावर काय आहे हे ऑगस्टमध्ये न पाहता मेमधल्या खड्ड्यांना कोणीही, आमच्यासारख्या वनस्पतिप्रेमींनीही, संमती देऊ नये. तीन वर्षांच्या वहीत पावसाळ्यातल्या माथ्याचे एकही पान नव्हते आणि ती पोकळी आम्हाला दिसली नाही, कारण वही भरलेली होती.

ओळखीबाबत गटाने आता असा दंडक ठेवला आहे की एखादी वनस्पती पानावर, फुलावर आणि फळावर अशी तीनदा पाहिल्याखेरीज तिचे नाव गटाबाहेर सांगायचे नाही. यामुळे काम संथ झाले आहे आणि नव्या मुलांना ते कंटाळवाणे वाटते. दोघे त्यामुळे यायचे थांबले. तरीही तो सैल करावा असे मला वाटत नाही. मात्र त्याहून महत्त्वाचे हे की जुलैमध्ये आम्ही दुर्मीळतेच्या मागे धावलोच नसतो, तर नाव चुकले तरी बिघडले नसते. साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या चाळीस वनस्पतींचा माळ हे कारण पुरेसे होते. ते ग्रामसभेत मांडायला अवघड आहे, टाळ्या मिळवणारे नाही, पण ते कोणी तज्ज्ञ येऊन खोडू शकला नसता.

चूक उघड करण्याच्या निर्णयाबद्दल गटात आजही दोन मते आहेत. जानेवारीचा ठराव थोड्या फरकाने झाला तो त्या कबुलीमुळेच, असे काही जण म्हणतात. कबुली दिली नसती तर माळ कायमचा सुटला असता, असेही. माझे मत उलट आहे. चराईबंदीची चूक आम्ही वाडीवर जाऊन मान्य करू शकलो आणि बाबांनी ती ऐकून घेतली, यामागे २ ऑक्टोबरची सभा होती.

बाबांना, आणि त्यांच्यासारख्या बाकीच्या मेंढपाळांना, गटात आधीच घ्यायला हवे होते का, याचे उत्तर वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात रविवारी सकाळी सात वाजता ते मेंढ्यांमागे असतात आणि आमची फेरी ही सुट्टी असणाऱ्यांची फेरी आहे. सध्या महिन्यातून एकदा, संध्याकाळी, वाडीवरच बसणे होते. वहीत तिथली नावे भरली जातात. मागच्या वेळी बाबांनी खरपुडीचे चार प्रकार सांगितले, चवीवरून. त्यांतले दोन सरांच्या मते एकच जात आहेत, बाबांच्या मते नाहीत. पुढच्या सप्टेंबरात दोघे फुले घेऊन बसणार आहेत.

यंदा एप्रिलमध्ये कंपनीचे पुन्हा पत्र आले. तिथले अधिकारी बदलले आहेत, गावचे सरपंचही बदलले आहेत, आणि पत्रात माळावर पाच हजार झाडांचा तोच प्रस्ताव आहे. जैवविविधता नोंदवहीतल्या पानाची प्रत जोडून, हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणि त्या सकाळी माळावर फिरून आल्यावरच घ्यावा, असा अर्ज गटाने ग्रामपंचायतीला दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे. उत्तर अजून यायचे आहे.